डिस्क शंभर टक्के भरली आहे

यंत्र खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस, हे भगवंतराव कळंबे यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. संत्रा बागायतदार संस्थेचे अध्यक्ष म्हणून दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली ते त्यांनी सांगितलंही होतं. अपवाद फक्त तीन. मंडीतलं कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र, जिनिंगचा वजनकाटा आणि डॉक्टरचं बीपीचं मशीन. ही तिन्ही दुसऱ्याच्या हातात असतात, म्हणून त्यांचं सोडा. सर्व्हरचा इशारा मात्र खुद्द अध्यक्षांच्या मोबाईलवर येत होता. तेव्हा तो खरा असण्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

डिस्कमध्येही नव्हती, असं इशारा म्हणत होता. ‘सर्वर चेतावनी: डिस्क 100% भर चुकी है। तुरंत कार्रवाई करें।’ दर पंधरा मिनिटांनी, दिवसरात्र, सात संचालकांच्या, मुख्य कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या पूनमच्या आणि सौसर शाखेच्या संगणक प्रभारी उर्मिला बोबडे यांच्या मोबाईलवर. दसऱ्याआधीच्या नवमीला दुपारी सुरू झालेला हा प्रकार दिवाळी तोंडावर आली तरी थांबला नव्हता.

संस्थेचा पत्रव्यवहार हिंदीत चालायचा, कारण राज्य मध्य प्रदेश. भांडणं मराठीत व्हायची, कारण माणसं इथली. आणि संगणक इंग्रजीत, कारण तो संगणक. त्यामुळे इशारा आला की कारवाई तुरंत व्हायची, पण कशावर करायची ते ज्याचं तो ठरवायचा.

पांढुर्ण्याच्या मुख्य कार्यालयात पूनमनं आधी उद्घाटनांचे फोटो उडवले. शंभर टक्के. मग सत्कारांचे उडवले. शंभर टक्के. एका संचालकांनी जुन्या पत्रांतली ठळक अक्षरं बारीक करून बघायला सांगितलं. पूनमनं दोन दिवस अक्षरं बारीक केली. तरी शंभरच. शेवटी ज्यांची स्वतःची जिनिंग होती त्या संचालकांनी बैठकीत उलगडा केला. “अरे, कापसाचं कसं असते? वरून काढला का खालचा फुगते. तसंच हे. दाबून भरेल आहे आतमंधी.” सर्वांना समजलेलं हे पहिलंच स्पष्टीकरण असल्यामुळे ते एकमतानं मंजूर झालं. ओघानं पुढचा ठरावही झाला. खालपासून दाबून बसलेला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा ऐवज काढायचा. शनिवारी दुपारी चार वाजता, अध्यक्षांच्या उपस्थितीत, बागनोंद पुसायची.

ठरावाची प्रत उर्मिलाला शुक्रवारी मिळाली. ती तिनं दोनदा वाचली आणि टेबलाच्या खणात उलटी ठेवली.

बागनोंद म्हणजे उर्मिलाची अकरा वर्षं. एकोणीसशे बारा बागा. कोणत्या बागेत किती झाडं, कधी लावली, कोणत्या सालात कोणता रोग आला, काय फवारलं, काय लागू पडलं, काय वाया गेलं. पहिली तीन वर्षं ती स्वतः स्कूटीवर वही बांधून बागोबाग हिंडली होती. कुत्री चावली दोनदा. नोंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे थांबवायलाही कुणी आलं नाही. आणि आता त्या नोंदीवाचून सौसर तहसीलातल्या निम्म्या बागांना आपला आजार आठवत नव्हता.

शनिवारी सकाळी तेच झालं. बोरगावच्या देवकाबाई टेम्पोतून उतरून थेट तिच्या टेबलापाशी आल्या. पिशवीत एक साल सुटलेली फांदी होती, तिच्यावर डिंकाचे थेंब.

“पाह्य वो बाई. डिंक्या आला पुन्हा. त्या सालले साठ झाडं वाचोले होते, तवा काय लावलं होतं?”

“तुमच्या लक्षात नाही का, मावशी?”

“मले सहा नातवंडांचे नावं लक्षात ठेवा लागते. झाडाइचं तुह्याजवळ आहे ना.”

उर्मिलानं नोंद उघडायला घेतली. पांढुर्ण्याच्या सर्व्हरवरून ती सौसरला यायची तेव्हा दम खात खात यायची. चाक फिरलं, फिरलं, आणि लाइन गेली. देवकाबाईंनी फांदी टेबलावर ठेवली. “दुपारी फोन कर. टेम्पोवाला थांबून आहे,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी चारनंतर सांगायला काही उरणार नव्हतं. हे उर्मिला त्यांना सांगू शकली नाही.

नक्कल काढून ठेवावी, हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. तिनं परवानगी मागितली होती. अध्यक्ष म्हणाले होते, “उर्मिलाबाई, भरेल डब्याची नक्कल काढली तं ते भी भरेलच निघन ना?” मग तिनं न विचारताच काढायला घेतली होती. सौसरच्या लाइनवर संगणकानं ‘शिल्लक वेळ: ४१ दिवस’ असं दाखवलं. आणि गंमत म्हणजे बागनोंद होती त्या ड्राइव्हचा जो काही भाग तिला सौसरहून दिसायचा, त्यात अर्ध्याहून जास्त जागा मोकळी होती. तेही तिनं कळवलं होतं. “तुमाले सौसरातून कसं दिसन वो?” अध्यक्ष म्हणाले. “डबा इकडं आहे.”

तेव्हा राहिली होती ती कंपनी. इशारे पाठवणारं सॉफ्टवेअर नागपूरच्या एका कंपनीनं बसवलं होतं आणि तिच्या मदतकेंद्रात नितीन नावाचा मुलगा फोन उचलायचा. आतापर्यंत तो “नोंद घेतली आहे” एवढंच बोलला होता. देवकाबाई गेल्यावर, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, उर्मिलानं त्याला पुन्हा लावला.

“नमस्कार मॅडम. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.”

“भाऊ, ही बारावी आहे. महत्त्वाची असती तं पहिलीलेच उत्तर भेटलं असतं.”

“मॅडम, आमचं सॉफ्टवेअर बरोबर आहे. शंभर म्हणजे शंभर.”

“शंभर कशाचे?”

“डिस्कचे.”

“कोणत्या डिस्कचे?”

पलीकडे आधी घसा खाकरल्याचा आवाज. मग कीबोर्डची टकटक. हा प्रश्न सतरा दिवसांत कुणी विचारला नव्हता. संचालकांनी नाही, कंपनीनं नाही आणि, उर्मिलाच्या मनात आलं, आपणही नाही.

“मॅडम, असं आहे की, जी सगळ्यात जास्त भरली असेल तिचाच आकडा मेसेजमध्ये जातो. नाव जात नाही. नाव टाकलं तर मेसेज लांब होतो.”

“मंग आता पाहून सांग ना बाबा, कोणती आहे ते.”

“सी हिरवी आहे. डी हिरवी आहे. ई लाल. ई शंभर टक्के.”

बागनोंद डी मध्ये होती. उर्मिला खुर्चीत सरळ झाली.

“ई? आमच्याइथं ई नाहीच.”

“आहे ना मॅडम. एकूण सहाशे अठ्ठ्याण्णव एमबी. शिल्लक शून्य.”

“एमबी? जीबी नाई?”

“एमबीच. मलाही जरा कमीच वाटली. जुनी असेल. बदलून मोठी टाकून घ्या.”

सहाशे अठ्ठ्याण्णव. सातशेला दोन कमी. संस्थेत लागायच्या आधी उर्मिला सौसरच्या एका फोटो स्टुडिओत होती. आख्खं लग्न सातशे एमबीत बसवायचं तिचं काम. मंगलाष्टकं ठेवली की जेवणावळ कापावी लागायची, आणि जेवणावळ कापली की मुलाकडचे स्टुडिओत येऊन बसायचे. तो आकडा ती झोपेतही विसरली नसती.

“नितीन, तुह्यं वय काय रे?”

“चोवीस. का मॅडम?”

“तू सीडी पाह्यली का कधी?”

“हो, पाहिली ना. आमच्या मामांच्या शेतात बांधल्या आहेत दोऱ्यांना. चमकतात म्हणून पाखरं येत नाहीत.”

“तिच्यात काही भरलेलं असते, मालूम आहे?”

“पाखरांसाठी?”

उर्मिलानं डोळे मिटले आणि उघडले. सीडी एकदा लिहिली की लिहिली, ती आहे तेवढ्यातच पुरी होते आणि तिच्यावर मोकळी जागा म्हणून काही उरत नाही, हे तिनं त्याला तीन मिनिटांत समजावलं. सीडी यंत्रात असेपर्यंत तिचा आकडा शंभरच दिसणार. नितीननं ते मनापासून ऐकलं. ई ला मोजणीतून वगळता येईल, म्हणाला. त्यासाठी अध्यक्षांच्या सहीशिक्क्याचं पत्र लागेल आणि ते सोमवारी साहेब आले की बघतील.

तिनं फोन ठेवला आणि पूनमला लावला. पूनम कुजबुजत बोलली, म्हणजे अध्यक्ष समोर होते.

“पूनम, नवमीले तिकडं काय झालं होतं?”

“पूजा झाली ताई. दरसालसारखी.”

“सर्व्हरची?”

“सगळ्याइचीच. मंग घास देला.”

आता हा घास पांढुर्ण्याच्या कार्यालयाची स्वतःची रीत होती. सौसर शाखेत ती नव्हती, कारण सौसरला पूजा करण्याइतकी यंत्रंच नव्हती. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार उपाशी ठेवायचं नाही, त्याच्या तोंडात काहीतरी पडलं पाहिजे, असा अध्यक्षांचा दंडक. काट्याच्या पारड्यात संत्रं. फवारणी पंपात तांब्याभर पाणी. प्रिंटरच्या तोंडात ‘श्री’ लिहिलेला कागद. सर्व्हर गेल्याच वर्षी आला होता आणि पहिल्या नवमीला त्याच्या तोंडाचा शोध लागला नव्हता.

“यंदा मंग सापडलं का तोंड?”

“हाव. समोर बटन आहे ना, दाबलं का जीभ बाहेर येते. गोल खड्डा आहे तिच्यात. अध्यक्षजीनं आपली सीडी ठेवली. ते भजनाची.”

मोहगावच्या भजनी मंडळात भगवंतराव टाळ धरायचे आणि मंडळानं चौदा वर्षांपूर्वी सीडी काढली होती. ती बारशात, लग्नात, निवृत्तीत आणि एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही दिली गेली होती. तरी घरी खोकी होतीच.

“पूनम, ते काढून टाक. आत्ताच. काही पुसायची गरज नाही.”

“कशी काढू? सर्व्हरच्या अलमारीले कुलूप आहे. चाबी अध्यक्षजीच्या करदोड्याले. आणि ते म्हणते, देवाच्या तोंडातला घास दिवाळीपर्यंत काढायचा नाही.”

“त्याइले दे फोन.”

फोनवर खरखर झाली. मग पूनम परत आली. “ते म्हणते, उर्मिलाबाई काही भी सांगतीन, चार वाजले का सुरू करू.”

उर्मिला दीडच्या बसमध्ये बसली. बस दोन वाजता सुटली. दर पंधरा मिनिटांनी मोबाईल थरथरत होता आणि प्रत्येक वेळी तिला तो आकडा न बघताच दिसत होता. शेजारच्या बाईनं तिसऱ्या खेपेला विचारलं, “घरून आहे का वो? उचलून घे ना, काळजी करून राह्यले असतीन.” उर्मिलानं सांगितलं की सर्व्हर आहे. “कोणाचा?” बाईनं विचारलं. उर्मिला म्हणाली, संस्थेचा. बाईनं समजल्यासारखी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

साडेतीनला ती कार्यालयात शिरली तेव्हा तयारी झालेली होती. टेबलावर नारळ. आपल्या संस्थेत नारळाशिवाय काही उघडत नाही, तसं आता नारळाशिवाय काही पुसायचंही नाही, असं ठरलेलं दिसत होतं. भगवंतराव मधल्या खुर्चीत, जिनिंगवाले संचालक बाजूला. पूनम संगणकासमोर, बागनोंदीचं फोल्डर उघडून, हात मांडीखाली दाबून.

“या, उर्मिलाबाई,” भगवंतराव म्हणाले. “बरं झालं आल्या. तुमच्याच हातानं होऊन जाऊ द्या.”

बसमध्ये तिनं तीन वाक्यं तयार केली होती. तिन्हींत ‘तुमची चूक’ हे शब्द होते. अध्यक्षांकडे बघितल्यावर तिन्ही गिळली.

“अध्यक्षजी, डिस्क भरलीच आहे. मीच चुकली. शंभर टक्के भरली आहे.”

भगवंतरावांनी संचालकांकडे बघितलं. संचालकांनी नारळाकडे.

“पण भरेल आहे ते ही डिस्क नाही. ते तुमची आहे. भजनाची. मंडळानं तिच्यात इतकं ठासून भरलं आहे का कणभर जागा सोडली नाही.”

“म्हणजे?”

“किती भजनं होते वो तिच्यात?”

“अठरा. आणि आरती.” भगवंतरावांचा आवाज बदलला. “स्टुडिओवाला बाराच म्हणून राह्यला होता. मी म्हटलं, कायले जागा वाया घालवतं? भर पूर्ण.”

“तेच. ते पूर्ण भरली असं मशीन सांगून राह्यलं. सतरा दिवस झाले. कोणाचं सांगून राह्यलं तेवढं सांगत नव्हतं.”

जिनिंगवाले संचालक हसायला लागले आणि अध्यक्षांचं तोंड बघून खोकायला लागले.

“म्हणजे माह्या भजनानं नुकसान केलं म्हणता?”

“नुकसान कुठं झालं अजून? चारले होणार आहे. अध्यक्षजी, तुमच्या स्वतःच्या बागेची नोंद आहे त्याच्यात. दोनशे चाळीस झाडं. कोळशी आली होती त्या सालले तुमी मले सायकलवाला पाठवला होता, काय फवारू म्हणून. घास बाहेर काढा, पंधरा मिनिटं थांबा. मेसेज आला तं मी स्वतः पुसतो सगळं. सही करून देतो.”

बायकांनीही ‘करतो’ म्हणायचं ही इथली बोली, पण सही करून देतो असं म्हणताना उर्मिलानं टेबल घट्ट धरलं होतं.

भगवंतराव उठले. सदरा वर करून करदोड्याची चाबी सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

अलमारीत सर्व्हर झेंडूच्या सुकलेल्या हारात बसला होता, कपाळावर कुंकू. उर्मिलानं बटण दाबलं. आत घरघर झाली. जीभ बाहेर आली नाही. पुन्हा दाबलं. तूप, कुंकू आणि सतरा दिवसांची धूळ यांनी फट गच्च बसली होती.

“देव सोडत नसन,” संचालक म्हणाले.

“पूनम, कागदाले लावतात ते क्लिप दे. लोखंडाची.”

सीडीच्या प्रत्येक यंत्राला समोर टाचणीएवढं भोक असतं, ते कशाला असतं हे बहुतेकांना कधी कळत नाही. उर्मिलानं क्लिप सरळ केली, भोकात घातली आणि जपून दाबली. खट झालं. जीभ बोटभर बाहेर आली. बाकीची तिनं नखांनी ओढली. सीडीवर चौदा वर्षांपूर्वीचे भगवंतराव टाळ धरून उभे होते, त्यांच्या गालाला तांदळाचा दाणा चिकटलेला. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

पुढचा इशारा पावणेचारला यायचा. सगळ्यांनी मोबाईल काढून टेबलावर, नारळाच्या भोवती ठेवले. चहा आला. कुणी घेतला नाही.

पावणेचार झाले.

तीन शेहेचाळीसला संचालकांचा मोबाईल वाजला आणि चौघं दचकले. बायकोचा फोन होता, येताना खोवा आणा म्हणून. “आणतो, आणतो, ठेव,” ते ओरडले.

तीन सत्तेचाळीसला चारही मोबाईल एकदम थरथरले. बघायला कुणी पुढे होईना. शेवटी पूनमनं अध्यक्षांचा उचलला आणि वाचलं, “सर्वर सूचना. डिस्क सामान्य. कोई कार्रवाई आवश्यक नहीं।”

उर्मिला मागच्या खुर्चीत बसली. गार झालेला चहा तिनं एका दमात प्यायला, मग शेजारचाही प्यायला. तो भगवंतरावांचा होता. त्यांनी बशीही तिच्याकडे सरकवली.

“पूनम, ते फोल्डर बंद कर,” ते म्हणाले. “आणि माह्याकडं काय पाहून राह्यली? नारळ फोड. आणला आहे तं वाया नको जायले.”

“काय म्हणून फोडू?”

“काहीच झालं नाही म्हणून फोड.”

खोबरं खाता खाता उर्मिलानं तिथल्याच संगणकावर बोरगावची नोंद उघडली. इथं ती क्षणात आली. देवकाबाईंना फोन लावला. “मावशी, बोर्डो मलम. साल खरडून, जमिनीपासून हातभर वरपर्यंत. दोनदा लावलं होतं, महिन्याच्या अंतरानं.”

“हाव, आठवलं आता. निळं निळं. काहून गं, रडून राह्यली का?”

“नाई, मावशी. खोबरं खाऊन राह्यली.”

त्याच बैठकीत भगवंतरावांनी इतिवृत्त लिहून घेतलं. संचालक मंडळाच्या वेळीच केलेल्या कारवाईमुळे संस्थेचा अमूल्य ऐवज वाचला, आणि सतरा दिवस अखंड राबवलेल्या सफाई मोहिमेबद्दल सर्व संबंधितांचं अभिनंदन. उर्मिलानं न वाचता सही केली. तिला सव्वापाचची बस धरायची होती आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं त्या दिवशी कशावरही सही केली असती.

सोमवारी नितीनचा अहवाल आला. नवमीच्या सकाळी डी ड्राइव्ह चौतीस टक्के भरलेली होती. मोहीम संपली तेव्हा ती तेहेतीस टक्के भरलेली होती.